सातची शाळा

परवा सूनबाईचा पुण्याहून फोन आला. पाठीमागे नातीचा दंगा चालू होता, काहीतरी धाडकन पडलं, आणि सूनबाई वैतागून म्हणाली, "आई, तुम्ही ह्यांना लहानपणी आवरायची सवय कशी लावली हो? हे अजून ऑफिसातून आले की बूटसुद्धा ओळीत ठेवतात. आणि ही बघा, घरभर पसारा. जेवायला बसायला जागा नाही." मी म्हटलं, "लागते हळूहळू. लहान आहे अजून." ती म्हणाली, "हळूहळू म्हणजे कशी?" मला चटकन काही सुचलं नाही. तेवढ्यात नातीनं फोन ओढला आणि बंद केला. मी तशीच फोन हातात धरून बसले. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण माझं नेहमी असंच होतं. समोरचं माणूस निघून गेल्यावर मला शब्द येतात. म्हणून नातीची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली आहे आणि लिहिते आहे. इथे अमरावतीत माझ्या दोन खोल्यांत आता मी एकटीच असते. सकाळी जिथे कप ठेवते तिथेच तो संध्याकाळी सापडतो. हलवायला कोणी नाही. मुलांच्या पसाऱ्यानं वैतागलेल्या बाईला हे कसं सांगावं, तेही कळत नाही.

मी आवरायला शिकले आणि शिकवायलाही शिकले ते अकोल्याला, आत्याच्या घरी. आमचं गाव चांदूर बाजारच्या पलीकडे. तिथली शाळा चौथीपर्यंतच. चौथीचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात माझी माय तापानं गेली. बाबा वरूडकडे एका संत्र्याच्या बागेत राखणदार होते. बागेतच खोपडी टाकून राहायचे. वाढत्या पोरीला तिथे कसं ठेवायचं, म्हणून त्यांनी मला अकोल्याला आपल्या मोठ्या बहिणीकडे नेलं. अमरावतीच्या स्टँडवर उतरून त्यांनी मला भजी घेऊन दिली आणि मी खाईस्तोवर दुसरीकडे बघत उभे राहिले. माझ्याजवळ मायच्या लुगड्याची पिशवी होती. त्यात दोन परकर, एक पोलकं, पाटी आणि मायचा लाकडी कंगवा.

आत्याचं नाव सुभद्रा. ती एका दवाखान्यात आया होती. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या दोन पोरी, नंदा आठ वर्षांची आणि छबी सहाची. आत्या उंच, काळीसावळी, आवाज मोठा. बोलायला लागली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. बाबांनी मला पुढं केलं आणि म्हणाले, "बाई, पोरगी तुया वटीत टाकतो. चौथी पास हाय." आत्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चौथी पास? मंग त लय झालं बाप्पा. मायी नंदी दुसरीत दोनदा बसली." नंदा दाराआडून ओरडली, "एकदाच बसली!" आत्या हसली. बाबा पहिल्यांदा हसले. मी खाली बघत राहिले. बाबा चहा घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. गल्लीच्या वळणावर त्यांचं पागोटं दिसेनासं झालं, तरी मी दारातच उभी होते. आत्या आतून म्हणाली, "ये व आत. दाराले टेका द्याले नाई आनलं तुले."

घर म्हणजे एक मोठी खोली आणि मागे चुलीपुरता सोपा. भिंतीला लागून ज्वारीची कोठी, कोपऱ्यात पऱ्हाट्यांचा भारा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या. चूल त्यावरच पेटायची. पण त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. खाटेखाली उष्ट्या थाळ्या, कंगवा पिठाच्या डब्यात, एक चप्पल दारात तर दुसरी माठामागे. आत्याची ड्युटी पहाटे सुरू व्हायची आणि दुपारी तीनपर्यंत ती घरी येत नसे. मधल्या वेळात पोरी आपल्या मनाच्या राण्या. कधी शाळेत जायच्या, कधी नाही. छबी कित्येकदा एकाच पायात चप्पल घालून गेलेली. आत्या आल्यावर आरडाओरडा करायची, एकेकीला धपाटा द्यायची, आणि मग दमून भाकरी थापायला बसायची. भाकरी मात्र काय सुरेख! मोठी, पातळ, काठाला खरपूस. ठेचा आणि त्या दिवसांत मिळाली तर अंबाडीची भाजी. जेवताना घरात शांतता असायची. तेवढीच.

आठ-दहा दिवसांनी एका संध्याकाळी आत्यानं मला जवळ बसवलं. मी शाळेचं नाव एकदाही काढलं नव्हतं, तिनंच काढलं. म्हणाली, "पाचवीची पोरीयची शाळा सकाळची हाय. सात वाजता भरते. मी त उजाडायच्या आंदीच जातो. तू सातले गेली, का ह्या दोघी अकरापर्यंत घरात एकट्या. ह्यायची शाळा अकराची. तोवर ह्या घर जाळून टाकतीन." मी मान हलवली. ती पुढे म्हणाली, "ह्या आपल्या हातानं आंघोळ करून, जेवून, घर आवरून, कुलूप लावून शाळेत जाऊ लागल्या ना, का त्याच जूनमंदी तुयं नाव घालतो. आपला शबूद हाय." मी पुन्हा मान हलवली. पाचवीत इतिहासाचं वेगळं पुस्तक असतं, असं मास्तरांनी सांगितलं होतं. यंदाचा जून होऊन गेला होता, पुढच्याला अजून जवळजवळ वर्ष होतं. एका वर्षात दोन पोरी म्हणजे मला फार सोपं वाटलं.

सोपं मुळीच नव्हतं. पहिले दोन महिने मी नुसती त्यांच्या मागे फिरून उचलत होते. सांगितलं तर नंदा कमरेवर हात ठेवून म्हणायची, "तू काय आमची माय हायेस काय व? आली मोठी चौथी पास!" आणि मुद्दाम थाळी पायानं सरकवायची. छबी तिचं पाहून हसायची. मला ओरडता यायचं नाही. ओरडायला लागलं की डोळ्यांत पाणी यायचं, ते पाहून त्या आणखी हसायच्या. मग मी कोठीमागे जाऊन उभी राहायची. तिथे शेणानं सारवलेल्या कोठीचा गारवा पाठीला लागायचा आणि आमच्या गावच्या घरासारखा वास यायचा.

हातात आलं ते अचानक. एकदा तवा सापडेना. सगळीकडे शोधला, शेवटी तो मोरीत सापडला. मी रागानं एक कोळसा घेतला, तवा भिंतीवर धरला आणि त्याच्या कडेनं कोळसा फिरवला. भिंतीवर गोल उमटला. त्यावर खिळा मारून तवा अडकवला. छबी बघत होती. म्हणाली, "मायं गिल्लास काढ." मी फळीमागे तिच्या ग्लासाची आकृती काढली. मग तिनं स्वतःच ग्लास उचलून त्या जागी लावून पाहिला, अगदी बरोबर बसतो का ते. दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर बघते तर ग्लास आपल्या जागी. मी काहीच बोलले नव्हते. तेव्हा मला कळलं, की "जागेवर ठेव" म्हटल्यानं लहान मुलाला काही समजत नाही. जागा दिसली पाहिजे. मग मी कंगवा, वाट्या, चपला, दप्तरं, झाडू, सगळ्यांच्या आकृत्या काढल्या. आत्या घरी आली, भिंतीकडे पाहून म्हणाली, "हे काय भूतं काढून ठेवले व भिंतीवर?" पण पुसल्या नाहीत. दिवाळीला घर पोतारताना, म्हणजे पांढऱ्या मातीनं सारवताना, तिनं तेवढी भिंत सोडली.

घड्याळ नव्हतं. कापडगिरणीचा भोंगा मात्र गावभर ऐकू यायचा. मी भोंग्यांवर कामं लावली. पहिल्या भोंग्याला अंथरुणाच्या वळकट्या. दुसऱ्याला जेवून थाळ्या घासलेल्या पाहिजेत आणि जमीन मोकळी. जमीन मोकळी म्हणजे काय, तेही ठरवून दिलं होतं. चिंधी दिसली तर ती गाठोड्यात. कागद दिसला तर तो चुलीजवळच्या टोपल्यात, पऱ्हाटी पेटवायला. दाणा दिसला तर कोंबडीला. छबीला हा नियम फार आवडला. ती हात मागे बांधून खोलीभर फिरायची आणि मोठ्यानं म्हणायची, "कागद टोपल्यात! चिंधी गाठोड्यात!" शेजारच्या बायका हसायच्या. नंदा उशिरा वळली. तिला चूल पेटवायचं काम दिलं तेव्हा. ते मोठ्या माणसाचं काम होतं, म्हणून ती ते मन लावून करायची आणि मला म्हणायची, "तुयापेक्षा बेस पेटते मायाकून." खरंच होतं ते. उन्हाळा लागेपर्यंत तिनं फोडणीशिवाय सगळा स्वयंपाक शिकून घेतला.

दिवसाचा वाईट भाग म्हणजे दुपार. पोरी शाळेत, आत्या दवाखान्यात. गल्लीतली माणसं कामाला गेलेली. उन्हात वाळत घातलेल्या खारोड्यांवर, म्हणजे बाजरीच्या सांडग्यांवर, कावळे येऊ नयेत म्हणून मी दारात बसायची. गल्लीमागे पोरींची शाळा होती, नंदा-छबीची. तिथून पाढे ऐकू यायचे. बाविसाचा पाढा मला यायचा, तेविसाचा यायचा नाही. मी ऐकून ऐकून तो पाठ केला. एकदा त्या वर्गात सगळ्या मुली एका जागी चुकल्या आणि मी इकडे दारात बसून बरोबर म्हटलं. बाजूला कोणी नव्हतं. कावळासुद्धा नव्हता. आता ह्या वयात मी पुष्कळ एकटी असते, पण त्या दुपारांसारखं एकटं मला पुन्हा वाटलं नाही. तेव्हा मला वाटायचं, की मी इथे नसते तरी हा पाढा असाच चालला असता.

मे महिन्यात बाबा आले. बागेत त्या वेळी काम कमी असतं. संत्री नव्हती, पण बागेतल्या आंब्याच्या कैऱ्या आणल्या होत्या. आणि माझा दाखला. गावच्या मास्तरांकडून आणायला त्यांना दोनदा जावं लागलं. पहिल्यांदा मास्तर लग्नाला गेले होते. बाबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पागोट्याच्या घडीतून कागद काढला, उलटा धरला आणि म्हणाले, "पाय, तुयंच नाव हाय ना?" मी कागद सुलटा केला आणि म्हटलं, "हो." ते खूश झाले. आत्या म्हणाली, "नीट ठेव व. ह्याच्यावाचून दारात उभं करत नाईत." मी बाबांना सोडायला वळणापर्यंत गेले. ते म्हणाले, "आता शीक. मायले लय हौस होती." मला विचारायचं होतं की माय कधी असं म्हणाली, काय म्हणाली. पण गाडीची वेळ झाली होती.

दाखला कुठे ठेवावा हे मला ठरवता आलं नाही. घरातल्या प्रत्येक वस्तूला मी जागा दिली होती, पण माझ्या वस्तूंना नव्हती. माझी पिशवी कोठीमागे लोंबायची एवढंच. तिथे उंदीर होते. मग मी दाखला कधी गादीखाली, कधी पोलक्यात, कधी तसबिरीमागे ठेवायची. दिवसातून दोन-तीनदा काढून वाचायची. माझं नाव, बाबांचं नाव, आणि खाली मास्तरांनी लिहिलेलं, "वर्तणूक चांगली." ते दोन शब्द वाचून मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

नाव घालायचा दिवस ठरला. आत्यानं अर्ध्या दिवसाची रजा काढली. ती दुपारी बारा वाजता येणार आणि आम्ही दोघी सातच्या शाळेत जाणार, तिथलं ऑफिस दुपारी उघडं असायचं. पहाटे ती निघताना म्हणाली, "आज तू काई हात लावू नको. पाहू दे मले, पोट्ट्या कशा आवरतात थे." मी अंथरुणातच दाखला पुन्हा एकदा वाचला. मग पाण्याला जायची वेळ झाली. सरकारी नळावर मोठी रांग असायची. मी हंडा उचलला, आणि कागद हातात होता तो वळकटीवर ठेवला. एवढंच. आल्यावर घेऊ म्हणून.

नळावर तास-दीड तास लागला. दोन बायकांचं भांडण झालं, मग पाणीच गेलं, मग पुन्हा आलं. मी हंडा घेऊन परतले तर दारातूनच पाहिलं, जमीन अगदी मोकळी. वळकट्या कोपऱ्यात एकावर एक. ग्लास जागेवर, कंगवा जागेवर. नंदानं चूल पेटवून गंजात, म्हणजे आमच्या मोठ्या पातेल्यात, आंघोळीचं पाणी तापवलं होतं. पाण्यातून वाफा निघत होत्या. छबी दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, आज सगळं मी एकटीनं आवरलं! नंदीनं फक्त पाणी ठेवलं." नंदा म्हणाली, "फक्त म्हन्ते! चूल का तुया बापानं पेटवली?" मी हंडा खाली ठेवला आणि छबीला उचलून घेतलं. वर्षभरात मी तिला पहिल्यांदाच उचललं असेल. तिच्या केसांना धुराचा वास येत होता. मी म्हटलं, "शाब्बास माझी बाई." मला इतका आनंद झाला होता की मी हसत हसत आंघोळीला गेले, आणि त्याच पाण्यानं आंघोळ केली.

परकर नेसून, डोक्याला तेल लावून मी वळकटीपाशी गेले. वरची वळकटी उलगडली. मग खालची. मग तिसरी. छबी बघत होती. "काय पायते ताई?" मी म्हटलं, "इथे एक कागद होता." ती लगेच म्हणाली, "खाली पडला होता. मी टोपल्यात टाकला." तिचा चेहरा अजून शाबासकीचा होता. मी टोपल्याकडे गेले. ते रिकामं होतं. नंदानं चुलीकडे पाहिलं आणि तिचा आवाज बारीक झाला. "मी पाह्यलं नाई व, ताई. चोळामोळा झाला होता. मले का मालूम."

मी छबीच्या थोबाडीत मारली. एकदा नाही, दोनदा. मला ओरडता येत नव्हतं म्हणून असेल. मी आयुष्यात तोपर्यंत कोणालाही मारलं नव्हतं. तिला लगेच रडू आलं नाही. तिनं गालावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "तूच त सांगतलं होतं. कागद टोपल्यात." मग ती खाटेखाली जाऊन बसली. मी तिला बाहेर काढलं नाही.

बारा वाजता आत्या आली. तिनं दाखल्याचं ऐकलं आणि मला वाटलं होतं तशी ती ओरडली नाही. "हात तुयी!" म्हणाली आणि पाटावर बसली. "दाखलाच त हाय. दुसरा भेटते. भाऊले कार्ड टाकू." कार्ड मीच लिहिलं, कारण घरात नीट लिहिणारी मीच. आत्या सांगत होती आणि मी लिहीत होते, की दाखला जळाला, दुसरा आणावा. कुणी जाळला ते लिहू नको, असं आत्या म्हणाली नाही, पण मी लिहिलं नाही. बाबांचं उत्तर कोणाकडून तरी लिहून आलं. बागेला बहर धरला होता, माकडांचा त्रास होता, मालक सोडत नव्हता, दिवाळीनंतर तोड झाली की आणतो. म्हणजे ते वर्ष गेलं. तेही मला सहन झालं असतं. पण घरात दुसरंच सुरू झालं.

छबीनं आवरणं सोडलं. हट्टानं नाही. ती कुठल्याही वस्तूपुढे उभी राहायची, हात मागे बांधायची आणि विचारायची, "हे उचलू?" मी हो म्हटलं तरी उचलायची नाही. कागदाचा तुकडा दिसला की लांबून फेरा घालून जायची. तिचं पाहून नंदानं चूल पेटवणं सोडलं. म्हणाली, "मी पेटवतो आन् तू मंग मले मारते." पंधरा दिवसांत घर पहिल्यासारखं झालं. पुन्हा चप्पल माठामागे, पुन्हा थाळ्या खाटेखाली, आणि भिंतीवर रिकाम्या आकृत्या. आत्या एक दिवस भिंतीला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "मले वाटलं होतं तयार झाल्या. नाई झाल्या व. तू सातले गेली असती त काय झालं असतं?" माझ्या दोन थपडांनी वर्षाचं काम गेलं होतं, आणि ते तिला सांगायची मला लाज वाटली. ते तिला कधीच कळलं नाही.

मी माफी मागितली असती, पण मोठ्या बहिणीनं लहानीची माफी मागायची म्हणजे काय बोलायचं, तेच मला माहीत नव्हतं. मग मी एक केलं. संध्याकाळी चूल पेटवण्याआधी मी टोपलं घेऊन छबीपाशी बसू लागले. एकेक कागद काढायचा, सरळ करायचा आणि तिला विचारायचं, "हा ठेवायचा की जाळायचा?" पुड्यांचे कागद, जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे, औषधाच्या बाटलीची वेष्टनं. सुरुवातीला ती बोलायचीच नाही, मग मी तो कागद वाचून दाखवायची. "शेंगदाणा तेल, शुद्ध." "हरवले आहे, लाल रंगाची गाय." गाईचा कागद तिनं ठेवून घेतला. "गाय सापडली असन त?" म्हणाली. असं रोज. गणपती गेले, दसरा आला. ती अक्षरं ओळखू लागली. तिला वाचायला शाळेत कमी आणि टोपल्यापाशी जास्त आलं, असं मी म्हटलं तर खोटं नाही. एक दिवस मी नळावरून आले तर टोपल्यातले कागद तिनं दोन ढीग करून ठेवले होते आणि जमीन झाडलेली होती. ह्या वेळी मी तिला उचललं नाही, शाब्बासही म्हटलं नाही. तिच्याजवळ जाऊन बसले फक्त. ती म्हणाली, "हा तुया ढीग, ताई. वाचून घे, मंग नंदी जाळते."

दिवाळीनंतर बाबा दुसरा दाखला घेऊन आले. आत्यानं तो आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि म्हणाली, "आता मधातच कोन घेते? जूनले पाहू." ते बरोबरच होतं.

जून आला. तोवर पोरी इतक्या तयार झाल्या होत्या की मी मुद्दाम वेळ लावून नळावरून यायची आणि तरी माझ्यासाठी काही काम उरलेलं नसायचं. नंदा भाकरी करायची. छबी कुलूप लावून किल्ली परकराच्या नाडीला बांधायची. अट पुरी झाली होती. मी वाट पाहत होते, की आत्या बोलेल. शबूद तिनं दिला होता, तिला आठवत असणारच. मागून घेणं मला बरं वाटेना. आपण तिच्या घरचं खातो, ती माझी आई नाही, असं सगळं मनात यायचं. सातची शाळा उघडायच्या दिवशी पहाटे उठून मी डोक्याला तेल लावलं, दोन वेण्या घातल्या, धुतलेला परकर नेसला आणि उंबऱ्यावर बसले. आत्या पदर खोचत बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं. क्षणभर थांबली. मला वाटलं, आता म्हणेल. ती म्हणाली, "आज पानी उशिरा येनार हाय म्हन्ते. गंज भरून ठेव." आणि गेली. गिरणीचा भोंगा झाला. गल्लीतून चार मुली निळ्या परकरात सातच्या शाळेला गेल्या. त्यांतली एक माझ्या एवढीच होती. अकराला नंदा आणि छबी आपापलं आवरून, मला हात करून गेल्या. मी घरात आले. सगळं जागेवर होतं. मी कुठे बसावं ते मला कळेना.

पुढच्या जूनला मी आणखी मोठी झाले होते, पाचवीतल्या मुलींत बसण्याएवढी राहिले नव्हते. सोळाव्या वर्षी लग्न होऊन अमरावतीला आले. माझ्या दोन मुलांना मी आवरायला शिकवलं, तेही कोळशाच्या आकृत्या काढूनच, आणि त्यांना कधी हात लावला नाही. सूनबाईला हे सांगायला पाहिजे होतं. आकृत्या काढ म्हणावं, आणि मूल जेव्हा शिकवल्याप्रमाणे करून चुकेल तेव्हा आधी आपण काय शिकवलं ते आठव. नंदा पुढे शिक्षिका झाली, छबी नर्स. दोघींची घरं मी पाहिली आहेत. आरशासारखी आहेत.

आत्या गेली त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी महिनाभर अकोल्याला तिच्याजवळ राहिले. तिला उठवत नव्हतं, पण बोलणं तेच. एका दुपारी मी तिच्या उशाशी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. ती मधेच म्हणाली, "किती गोड वाचते व तू." मग छताकडे बघत म्हणाली, "तुले एक इचारू? त्या वर्षी दाखला मायाच पेटीत होता. मी वाट पाहून राहिली होती, का तू म्हनशीन. एकदा बी म्हनली नाईस. उंबऱ्यावर बसली होतीस, थ्या दिवशी मी थांबली पन होती. मले वाटलं, हिले नाईच जायचं. पोरीयचा लळा लागला. मंग मी कायले बळजबरी करू?" मी वर्तमानपत्राची घडी केली. ती म्हणाली, "होय ना व? नव्हतंच ना जायचं?" तिला ते तसंच असायला पाहिजे होतं, हे तिच्या आवाजात कळत होतं. मी तिच्या अंगावरची गोधडी सारखी केली आणि म्हटलं, "झोप आता."

तिला मी सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. मला जायचं होतं.